कुत्रा चावल्यावर उपचार, तक्रार आणि भरपाई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या दिवशी लोक इंजेक्शनाबद्दल विचारतात आणि महिन्याभराने भरपाईबद्दल. तोवर सीसीटीव्हीचं चित्रण पुसलं गेलेलं असतं, दवाखान्याची चिठ्ठी हरवलेली असते आणि कुत्र्याचा मालक ‘आमचा नव्हेच तो’ म्हणायला लागलेला असतो. म्हणून उपचाराचे आणि कायद्याचे प्रश्न इथे एकत्र ठेवले आहेत. कायद्याची माहिती भारतातली आहे. राज्याचा संबंध येतो तिथे महाराष्ट्रातली.

१. कुत्रा आत्ताच चावलाय. आधी दवाखाना की आधी पोलीस?

आधी नळ. जखम वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने सलग १५ मिनिटं धुवा. रेबीजच्या विषाणूवर स्निग्ध आवरण असतं आणि साबण ते फोडतो. त्यामुळे धुणं हाच उपचाराचा पहिला भाग आहे. १५ मिनिटं घड्याळ लावून मोजा, कारण दोन मिनिटांनीच ‘झालं की’ असं वाटायला लागतं. नंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा. हळद, चुना, मिरची, तंबाखू, तेल यातलं काहीही लावू नका. घट्ट पट्टीही बांधू नका.

धुऊन झाल्यावर जखमेचे फोटो काढा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. पोलीस ठाण्यात संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी गेलं तरी चालतं.

२. नुसतं खरचटलंय, रक्त आलेलं नाही. तरी लस घ्यायची?

हो. डॉक्टर तीन श्रेणी मानतात. कुत्र्याला हात लावला किंवा धड त्वचेवर त्याने चाटलं, तर पहिली श्रेणी. तिथे लस लागत नाही. रक्त न येता ओरखडा उठला किंवा उघड्या त्वचेला हलका चावा बसला, तर दुसरी श्रेणी. तिथे लस लागते. दात त्वचेतून आत गेला, जखमेवर चाटलं, किंवा लाळ डोळ्यात-तोंडात गेली, तर तिसरी श्रेणी. तिथे लशीबरोबर प्रश्न ४ मधलं इंजेक्शनही लागतं.

केसपेपरवर श्रेणी लिहिली आहे का ते बघा. पुढे ‘किरकोळ ओरखडा होता हो’ असं समोरचा म्हणेल, तेव्हा हीच नोंद कामाला येते.

३. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात ना?

ती जुन्या लशीची गोष्ट. भारतात त्या लशीचं उत्पादन २००४ अखेर थांबलं. आता दोन पद्धती आहेत. त्वचेत देतात तेव्हा ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, प्रत्येक वेळी दोन जागी थोडी थोडी. स्नायूत देतात तेव्हा ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, मोठ्यांना दंडात आणि लहान मुलांना मांडीत, कुल्ल्यावर नाही. शून्यावा दिवस म्हणजे पहिला डोस घेतला तो दिवस, चावल्याचा दिवस नव्हे. यावरून तारखा चुकणारे बरेच असतात.

एखादी तारीख हुकली तर तिथून पुढे चालू करायचं, कोर्स पहिल्यापासून काढायचा नसतो. गरोदर किंवा स्तनपान देणाऱ्या बाईलाही ही लस देतात. पूर्वी पूर्ण कोर्स झाल्याचा कागद दाखवलात तर बहुधा ० आणि ३ असे दोनच डोस पुरतात.

४. डॉक्टरांनी जखमेतच इंजेक्शन दिलं आणि मोठ्या रुग्णालयात पाठवलं. ते कशासाठी?

ते रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं. लस काम करायला थोडे दिवस घेते. तोवर विषाणूला जखमेतच अडवायचं काम हे इंजेक्शन करतं. तिसऱ्या श्रेणीत ते जखमेत आणि जखमेभोवती देतात, शक्यतो पहिल्या डोसबरोबरच. राहून गेलं तर पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत देता येतं, नंतर त्याचा उपयोग नाही. लहान केंद्रात ते नसेल तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मागा, आणि उद्यावर ढकलू नका. घाईने टाकेही घालून घेऊ नका. घालायचेच असतील तर या इंजेक्शनानंतर.

रेबीजची लक्षणं दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. या पानावर मी एवढ्या एकाच बाबतीत हट्टी आहे.

५. कुत्रा शेजाऱ्यांचाच आहे, लस झालेली आहे. दहा दिवस वाट बघून मग ठरवू का?

नाही. लस आजच सुरू करायची आणि कुत्र्यावर लक्षही आजपासूनच ठेवायचं. चावलेला कुत्रा दहा दिवसांनंतरही धडधाकट असेल, तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं मानतात. मग पुढचे डोस कमी करायचे का, ते डॉक्टर ठरवतात. कुत्र्याच्या लसीकरणाचं कार्ड बघायला मागा, फोटो काढून ठेवा. पण कार्ड आहे म्हणून स्वतःची लस टाळू नका.

या दहा दिवसांचा दुसरा उपयोग पुराव्याचा. ‘कुत्रा आमचा आहे आणि तो आमच्या नजरेखाली आहे’ एवढं मालकाने व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवलं तरी मालकी मान्य झाली. पहिल्या दोन दिवसांत तो हे सहज लिहितो. वकिलाला भेटून आल्यावर लिहीत नाही.

६. कोणकोणते कागद जपून ठेवू?

सगळ्यात महत्त्वाचा केसपेपर. त्यावर चावल्याची तारीख, वेळ, शरीरावरची जागा, श्रेणी आणि ‘पाळीव’ की ‘भटका’ हे लिहून घ्या. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टर ‘डी. बी.’ (डॉग बाइट) अशी दोन अक्षरं लिहून मोकळे होतात. तिथेच थांबून नम्रपणे तपशील लिहायला सांगा, आठवड्याने कोणी लिहून देत नाही.

मग लशीचं कार्ड, प्रत्येक डोसच्या तारखेसह. औषधांची पक्की बिलं. रिक्षाचं भाडं निदान डायरीत लिहिलेलं. कामावरून किती दिवस रजा पडली त्याचं कार्यालयाचं पत्र. रोजंदारी असेल तर मुकादमाचा सही केलेला कागद. जखमेचे फोटो पहिल्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आणि व्रण राहिला तर महिन्यानेही. फाटलेले कपडे धुऊ नका, पिशवीत बांधून ठेवा.

सीसीटीव्हीचं जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. सोसायटीच्या सचिवांना किंवा दुकानदाराला त्याच दिवशी लेखी विनंती द्या आणि पोच घ्या. पाहणाऱ्यांची नावं आणि नंबर लिहून ठेवा. याच कुत्र्याने आधी कोणाला चावलं असेल, तर त्याबद्दलचे सोसायटीच्या ग्रुपवरचे जुने संदेश तारखेसह जपा. त्यांचं मोल प्रश्न ९ मध्ये कळेल.

७. पोलीस ठाण्यात कोणत्या कलमाखाली तक्रार होते?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिचं कलम २९१ प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणाचं आहे: ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हेच कलम २८९ होतं आणि दंड १,००० रुपये होता. इजा झाली असेल तर निष्काळजीपणे दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याचं कलम १२५ सुद्धा लागू शकतं; इजा गंभीर असेल तर त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मृत्यू झाला तर निष्काळजीपणामुळे मृत्यूचं कलम १०६ येतं.

कलम २९१ मध्ये ‘मालक’ नाही, ‘ताब्यात असलेला’ प्राणी असा शब्द आहे. त्यामुळे कुत्रा फिरवायला नेणारा नोकर किंवा आठवडाभर सांभाळणारा मित्रही जबाबदार धरला जाऊ शकतो.

८. ठाणे अंमलदार म्हणतात, ही एनसी (अदखलपात्र नोंद) आहे, फिर्याद (एफआयआर) होत नाही. आता?

कलम २९१ चा गुन्हा दखलपात्र आहे, जामीनपात्रही आहे. म्हणजे अटक झाली तरी जामीन हक्काने मिळतो; पण गुन्हा नोंदवायलाच हवा, एनसीवर भागवता येत नाही. अर्ज लेखी द्या, त्यात कलमाचा उल्लेख करा, केसपेपरची प्रत जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. फिर्यादीची प्रत मोफत मिळते.

तरीही नोंदवलं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज पाठवता येतो. शहरात आयुक्तालय असेल तर उपायुक्तांकडे. तिथूनही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकारी. घटना दुसऱ्या हद्दीत घडली म्हणून परत पाठवत असतील, तर त्याच कलमाने कुठल्याही ठाण्यात नोंद घ्यावी लागते.

९. पण खरंच मालकाला शिक्षा होते का?

होते, उशिरा. मुंबईत २०१० साली एका वृद्धाला रॉटवायलर चावला. त्याच्या मालकाला तीन महिन्यांची शिक्षा २०२३ मध्ये झाली. २०१८ मध्ये वरळीत लिफ्टमध्ये शेजाऱ्याला कुत्रा चावला; त्या प्रकरणी चार महिन्यांची शिक्षा २०२५ मध्ये. आकडे पाहून काय ते समजा.

कुत्रा अंगावर जातो हे माहीत असूनही पट्टा सैल सोडला, फाटक उघडं ठेवलं किंवा समोरचा ‘आत आणू नका’ म्हणत असताना रेटलं, हे दाखवता आलं की प्रकरण भक्कम होतं. म्हणूनच आधीच्या घटनांचे पुरावे लागतात. कुत्र्याची जात मात्र स्वतः काही सिद्ध करत नाही. ‘बंदी असलेली जात’ असं अर्जात लिहिणाऱ्यांसाठी: २३ जातींबद्दलचं केंद्राचं मार्च २०२४ चं परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात रद्द केलं होतं.

१०. फौजदारी केसमधून मला पैसे मिळतात का? भरपाई किती मागू?

भरपाईसाठी मुख्य रस्ता दिवाणी दाव्याचा. फौजदारी न्यायालय दंडातून काही रक्कम देऊ शकतं, पण त्यावर विसंबू नका. दाव्यात उपचार, प्रवास आणि बुडालेली मजुरी हे बिलांवर सिद्ध करायचं. वेदना, चेहऱ्यावरचा व्रण, पुढची शस्त्रक्रिया, मुलाच्या मनात बसलेली भीती यांची रक्कम न्यायालय परिस्थिती बघून ठरवतं. ठरलेला तक्ता नाही.

दोन दात लागले, सरकारी रुग्णालयात फुकट लस मिळाली आणि तीन दिवस रजा पडली, एवढ्यासाठी दिवाणी दावा करू नये असं माझं मत आहे. वकिलाची नोटीस पाठवा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व तडजोडीचा अर्ज करा. चेहरा, हाताच्या शिरा किंवा लहान मूल असेल तर मात्र मागे हटू नका. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००.

११. मालक म्हणतो, सगळं बिल देतो, तक्रार करू नका. घेऊ का पैसे?

घ्यायला हरकत नाही, पण कागदावर. ‘आजपर्यंतच्या उपचारखर्चापोटी’ इतकी रक्कम मिळाली, असं लिहा. ‘सर्व हक्क सोडले’ हे वाक्य कोर्स संपेपर्यंत आणि व्रणाचं काय होतं ते कळेपर्यंत लिहून देऊ नका. बँकेतून किंवा यूपीआयने घ्या, म्हणजे तारीख राहते.

फिर्याद आधीच झाली असेल तर ठाण्यात जाऊन ‘मागे घेतो’ म्हणून ती मिटत नाही. ते न्यायालयातूनच करावं लागतं.

१२. भटका कुत्रा चावला. मालकच नाही, मग भरपाई कोण देणार?

निर्बीजीकरण आणि लसीकरण ही २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. म्हणून बोट पालिका किंवा ग्रामपंचायतीकडे वळतं. नुसतं ‘कुत्रा चावला’ एवढ्यावर भागत नाही. ‘इथे कुत्री माणसांवर धावतात हे तुम्हाला कळवलं होतं आणि तुम्ही काही केलं नाही’ हे दाखवावं लागतं. म्हणून चावण्याच्या आधीच्या तक्रारींचे क्रमांक सोन्यासारखे. आधी कोणी केलीच नसेल तर आता करा, पुढच्या माणसाच्या उपयोगी पडेल. मोठी इजा किंवा मृत्यू असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिकेचाही मार्ग असतो.

शाळा, रुग्णालय, क्रीडा संकुल, बस स्थानक किंवा रेल्वे स्थानकाच्या आवारात चावला असेल तर अर्जात ७ नोव्हेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाचा उल्लेख करा. या जागांवरून कुत्री हलवायची आणि पुन्हा तिथेच सोडायची नाहीत, असं त्यात आहे.

१३. एका दातामागे दहा हजार मिळतात असं वाचलं. कुठे अर्ज करायचा?

महाराष्ट्रात कुठेच नाही. तो नोव्हेंबर २०२३ चा पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाचा निर्णय: प्रत्येक दाताच्या खुणेमागे किमान १०,००० रुपये, आणि मांस निघालं असेल तर दर ०.२ सेंटिमीटरमागे किमान २०,००० रुपये. तो त्या दोन राज्यांना आणि चंदीगडला लागू आहे. इथल्या वकिलाला तो युक्तिवादात दाखला म्हणून वापरता येतो, एवढंच. तरीही दातांच्या खुणा मोजता येतील असा, शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो असू द्या.

१४. किती दिवसांत तक्रार किंवा दावा करायला हवा?

फिर्याद लगेच. कलम २९१ सारख्या, वर्षभरापर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल न्यायालय एका वर्षानंतर घेत नाही. खासगी मालकावर भरपाईचा दावा साधारणपणे तीन वर्षांत. महापालिकेवर दावा करायचा तर आधी एक महिन्याची लेखी नोटीस आणि सहा महिन्यांच्या आत दावा, ही अट पालिका पुढे करू शकते (मुंबईत १८८८ च्या कायद्याचं कलम ५२७, इतर महापालिकांत १९४९ च्या कायद्याचं कलम ४८७). भटक्या कुत्र्यांची बरीच प्रकरणं इथेच गारद होतात.

मुलासाठी पालक ‘वादमित्र’ म्हणून दावा करतात. मुलाची मुदत सज्ञान झाल्यावर मोजता येते, पण तोवर साक्षीदार कुठे असतील याचा विचार करा.

१५. विमा मिळतो का? गावाकडे शेतकऱ्याला काही मदत?

आरोग्य विम्यात नुसत्या ओपीडीतल्या लशीचा खर्च बहुधा बसत नाही. दाखल व्हावं लागलं तर बसतो, आणि अपघात असल्याने नव्या पॉलिसीची पहिल्या ३० दिवसांची अट आड येत नाही.

शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. जनावराच्या चावण्यामुळे झालेला मृत्यू किंवा अपंगत्व तिच्यात येतं. वय १० ते ७५, मृत्यूला २ लाख रुपये. रेबीजने मृत्यू झाला असेल तर औषधोपचाराची कागदपत्रं लागतात, म्हणजे पुन्हा प्रश्न ६. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे. तेराव्यानंतर बघू म्हणून थांबू नका.

१६. मी पार्सल पोचवतो. ग्राहकाच्या दारातच कुत्रा चावला.

मालकाविरुद्धचे हक्क इतरांसारखेच. शिवाय तुम्ही पगारी कर्मचारी असाल तर कामावर असताना झालेली इजा म्हणून २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेखाली (नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा होता) किंवा ईएसआयमधून (कर्मचारी राज्य विमा) मागणी करता येते. अॅपवर काम करणाऱ्यांनी कंपनीच्या अपघात विम्याची अट बघावी आणि अॅपमध्येच त्याच दिवशी घटना नोंदवावी. ऑर्डरचा स्क्रीनशॉट ठेवा. वेळ, पत्ता आणि तुम्ही बोलावल्यावरून तिथे गेला होतात हे तिन्ही त्यात येतं.

१७. चावला नाही, पण मागे लागला आणि मी गाडीवरून पडलो.

लस नको, पण दावा होऊ शकतो. कलम २९१ धोक्याबद्दल आहे, दातांबद्दल नाही. केसपेपरवर ‘कुत्रा मागे लागल्याने पडून’ असं लिहून घ्या. नुसतं ‘दुचाकीवरून पडून’ लिहिलं तर कुत्रा कागदावरून गायब होतो. कायमचं अपंगत्व किंवा मृत्यू असेल तर गाडीच्या विम्यातलं मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण तपासा.

१८. फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी होती. मग चूक माझीच ना?

पाटी म्हणजे माफीनामा नव्हे. उलट कुत्रा चावरा आहे हे मालकाला माहीत होतं, असाही तिचा अर्थ लावता येतो. मात्र कुंपण ओलांडून आत गेलात, कुत्र्याला डिवचलंत, तर भरपाई कमी होईल किंवा मिळणार नाही. पाच वर्षांच्या पोराने शेपूट ओढली, तर त्याला मोठ्या माणसाचा नियम लावत नाहीत.

१९. आमच्या गल्लीत एक बाई कुत्र्यांना रोज खायला घालतात. त्यांच्यावर केस करू का?

खाऊ घातल्याने कोणी आपोआप मालक होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाने नेमून दिलेल्या जागेबाहेर रस्त्यावर खाऊ घालता येत नाही, त्याबद्दल पालिकेकडे तक्रार होऊ शकते. पट्टा बांधला, रात्री घरात घेतात, डॉक्टरकडे स्वतःच्या नावाने नेतात, असं असेल तर ‘ताबा’ दाखवता येईल. मग प्रश्न ७.

२०. तो कुत्रा मारून टाका किंवा लांब सोडून या, असं सगळे म्हणतात.

दोन्ही नको. मारणं हा गुन्हा आहे, न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आणि कुत्रा नाहीसा झाला की दहा दिवसांचं निरीक्षणही गेलं. पिसाळल्याचा संशय असेल, म्हणजे लाळ गळते, झोकांड्या खातो, दिसेल त्याला चावतो, तर पालिकेला कळवा; अशा कुत्र्याला वेगळं कोंडून ठेवायचं काम त्यांचं आहे.

२१. उलटं झालंय. आमचा कुत्रा दुसऱ्याला चावला. आम्ही काय करायचं?

आधी जखम धुवायला मदत करा आणि दवाखान्यात बरोबर जा. लसीकरणाचं कार्ड मागायच्या आधी दाखवा. तुमच्या कुत्र्याच्या पॉलिसीत तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचं संरक्षण असेल तर विमा कंपनीला लगेच कळवा. काहीजण भीतीपोटी कुत्रा रातोरात गावी पाठवून देतात. तसं केलंत तर चावलेल्या माणसाला पूर्ण कोर्स घ्यावा लागतो, आणि पोलिसांना तुम्ही पुरावा लपवल्यासारखे दिसता. दहा दिवस कुत्रा घरीच बांधून ठेवा, दहाव्या दिवशी पशुवैद्याकडून तो ठणठणीत असल्याचा कागद घ्या आणि त्याची एक प्रत जखमी माणसाच्या घरी नेऊन द्या.